अनुपमा लंडनला येते

दत्ताराम चेंदवणकरांचं इंग्रजी चांगलं होतं. हे त्यांना स्वतःला फार आधीपासून माहीत होतं, त्यामुळे इतरांना ते कळल्यावाचून राहिलं नाही. अंधेरीच्या एका रंगाच्या कारखान्यात ते पत्रव्यवहाराचे हेडक्लार्क होते. साहेबाने 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' लिहिलं, की दत्ताराम त्या 'अबाउट'वर पेन्सिलीने रेघ मारत. रेघ अशी बारीक, की साहेबाला दिसू नये पण देवाला दिसावी. पार्ल्याच्या त्यांच्या इमारतीत कुणाकडे तार आली तर ती फोडून आधी त्यांच्या हातात दिली जाई. ते ती दोनदा वाचत, त्यातल्या एखाद्या शब्दाबद्दल नाराजी व्यक्त करत आणि मग सांगत, रडायचं आहे की पेढे आणायचे आहेत.

अशा माणसाच्या मुलीला विलायतेत जागा मिळाली, यात इमारतीला काही नवल वाटलं नाही. अनुपमाला लंडनमधल्या एका इस्पितळाने नर्सिंग शिकायला बोलावलं होतं. शिक्षण तीन वर्षांचं, राहणं-जेवण इस्पितळाकडे. अट एकच: सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होण्याआधी पोचायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. मेट्रनबाईंना होकार कळवण्याचा मजकूर अर्थातच दत्तारामांनी सांगितला आणि अनुपमाने तो लिहून घेतला. मग त्यांनी तो तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. "आय अॅम कमिंग टू लंडन बाय द एन्ड ऑफ ऑगस्ट." आत पोळ्या लाटणाऱ्या जानकीबाईंच्या कानावर ते वाक्य पडलं आणि त्यांना ते आवडलं. हे वाक्य पुढे केवढा गोंधळ घालणार आहे, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

मुख्य अडचण पासपोर्टाची होती. अर्ज गेला, फोटो गेले, आणि आता घरी चौकशीला पोलीस येणार, असं कळलं. इथे शेजारचे काशीराम सुर्वे मदतीला धावले. काशीराम पाणी खात्यात होते, पण त्यांना सगळ्याच खात्यांतलं कळत असे.

"चेंदवणकर, एक लक्षात ठेवा," ते म्हणाले, "पोलिसाशी मराठीत बोललात की तो बसतो. चहा घेतो. मग दुसरा चहा घेतो. मग म्हणतो, बाकी काय? इंग्रजीत बोललात की उभ्या उभ्या सलाम ठोकून जातो."

"पण दिवसा मी कारखान्यात. अनुपमा टायपिंगच्या क्लासला. घरी ही एकटी."

"मग वहिनींना शिकवा की. तुम्हाला काय कठीण आहे?"

दत्तारामांना हेच हवं होतं. इतकी वर्षं कारखान्याला आणि इमारतीला त्यांच्या इंग्रजीचा लाभ होत होता. घरात मात्र भाजीत मीठ कमी आहे हे ते मराठीतच सांगत. त्यांनी ठरवलं, की जानकीला निवडक इंग्रजी शिकवायचं. सुरुवात सोप्या क्रियापदांनी. 'गो' आणि 'कम' यांच्याहून सोपं काय असणार?

पहिला धडा रविवारी सकाळी झाला. दत्ताराम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले.

"हे बघ. मी वक्ता. मी आहे ती जागा मुख्य. माझ्याकडे येणं म्हणजे कम. माझ्यापासून लांब जाणं म्हणजे गो. कळलं?"

"कळलं. तुम्ही मुख्य."

"तू बाजारात निघालीस. दारात उभी आहेस. काय म्हणशील?"

"येते."

"इंग्रजीत."

"आय अॅम कमिंग."

"अगं, तू लांब चाललीस ना? गो. आय अॅम गोइंग."

जानकीबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "दारात उभं राहून असं म्हणायचं? जाते म्हणून?"

"हो."

"भायर पडताना जातंय म्हणा नये. येतंय म्हणाचा." सासर आणि शहर मिळून जानकीबाईंची मालवणी बरीच धुऊन निघाली होती, पण काही गोष्टी त्यांना पार्ल्याच्या मराठीत सांगताच येत नसत. "जाते म्हणते ती कायमची. आपल्यात कोण म्हणतं का असं?"

"हा शकुनाचा प्रश्न नाही, व्याकरणाचा आहे."

"मग तुमच्या व्याकरणाला आईबाप नाहीत."

धडा तिथेच संपायचा. पण तेवढ्यात वर्सोव्याची सोनूबाई पाटी घेऊन दारात आली. ती रविवारी बोंबील आणि मतं दोन्ही द्यायची. तिला प्रकरण समजावून सांगण्यात आलं.

"बाय बरोबर बोलते," सोनूबाई म्हणाली. "आमचा घो होडी घेऊन निघाला ना, तर मी 'जा' पण नाय बोलत. 'ये' बोलते. जाईल तो त्याच्या पायांनी, मी कशाला सांगू?"

"इंग्लंडात पण कोळी असतात," दत्ताराम म्हणाले. "ते गो म्हणतात."

"त्यांचा समुद्र थंड," सोनूबाई म्हणाली, आणि बोंबलाचा वाटा वाढवून दिला. तो अर्थातच जानकीबाईंना.

त्यानंतरचे सगळे धडे याच उंबऱ्यापाशी अडत राहिले. जानकीबाई हुशार होत्या. 'प्लीज सिट डाऊन', 'माय हजबंड इज इन ऑफिस', 'वन डॉटर' हे त्यांनी भराभर उचललं. पण अनुपमाविषयीच्या वाक्यात 'गो' आला की त्यांची जीभ उचलत नसे. एकदा तर त्यांनी दत्तारामांनाच पेचात पकडलं. ते दाढी करत असताना त्यांनी आतून हाक मारली, "अहो, चहा झाला," आणि दत्ताराम सवयीने उत्तरले, "कमिंग, कमिंग."

"का हो? तुम्ही तर तिथून लांब चाललात. गोइंग नको?"

"ऐकणाऱ्याकडे चाललो तर कम," दत्ताराम साबणाच्या फेसातून म्हणाले. "तेवढा एक अपवाद आहे."

जानकीबाईंनी त्या अपवादावर मनातल्या मनात बराच विचार केला असावा. कारण नंतर त्या फारच खुशीत दिसू लागल्या.

हवालदार मंगळवारी दुपारी आला. पुढे काय घडलं ते जानकीबाईंनी संध्याकाळी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी त्याला 'प्लीज सिट डाऊन' म्हटलं. तो बसला नाही, दचकला. त्याने मराठीत विचारलं, "मुलगी लंडनला जाणार आहे ना?" त्यांनी उत्तर दिलं, "अनुपमा इज कमिंग लंडन." त्याने विचारलं, "कधी?" त्या म्हणाल्या, "ऑगस्ट एन्ड कमिंग." त्याने पुन्हा विचारलं, "म्हणजे इथून जाणार कधी?" तेव्हा मात्र त्या ठाम झाल्या. "नो गो," त्या म्हणाल्या. "ओन्ली कम."

"मग?"

"मग त्याने लिहून घेतलं आणि सलाम केला," जानकीबाई म्हणाल्या. "चहा मागितला नाही. काशीरामभावजी म्हणाले ते खरंच."

दत्तारामांना वाक्यरचना खटकली, पण बायकोचा फुललेला चेहरा बघून त्यांनी दुरुस्ती लांबणीवर टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक चूक सोडून दिली होती, आणि नेमकी तीच महागात पडली.

ऑगस्ट उजाडला तरी पासपोर्ट आला नाही. दत्ताराम रजा काढून, अनुपमाला घेऊन फोर्टातल्या पासपोर्टच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी कागद काढून वाचले. साहेब मद्रासकडचे होते, शांत, कपाळावर बारीक गंध, आणि बोलणं इंग्रजीत. पोलिसांच्या अहवालाप्रमाणे अर्जदार सध्या लंडनमध्ये आहे. ती ऑगस्टअखेर तिकडून येत आहे. इथून कुठेही जाणार नाही, असं आईने स्पष्ट सांगितलं आहे.

"मिस्टर चेंदवणकर," साहेब म्हणाले, "माझा प्रश्न एवढाच, की पासपोर्ट नसताना ती तिथे पोचली कशी?"

दत्तारामांच्या शेजारी अनुपमा प्रत्यक्ष उभी होती. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि कागद अधिक विश्वासाचा मानला. अर्जदार इथे आहे, तर आईचं म्हणणं खोटं. आईचं म्हणणं खोटं, तर बाकीचं खरं कशावरून? तुम्ही प्रतिज्ञापत्र करून आणा, ते म्हणाले.

घरी येईपर्यंत दत्तारामांनी सगळं मनात साठवलं. घरी आल्यावर मात्र बोलले. त्या दिवशी जेवणं झाली नाहीत. सप्टेंबर जवळ येत होता, जागा जाणार होती, आणि कचेरीत सगळ्यांसमोर त्यांच्या घरच्या इंग्रजीचा पंचनामा झाला होता. यातलं कशाचं दुःख जास्त होतं, हे त्यांना त्या घडीला सांगता आलं नसतं.

"साधं एक क्रियापद," ते म्हणाले. "लहान मुलं पहिलीत शिकतात."

"तुम्हीच लिहिलं होतं. आय अॅम कमिंग टू लंडन."

"ते मेट्रनला होतं. ती तिथे आहे. ऐकणाऱ्याकडे चाललो तर कम."

"मग मला काय ठाऊक, हवालदार कुठला?"

याच्यावर खरं तर हसून विषय संपवता आला असता. पण दत्ताराम म्हणाले, "तुला ती जायलाच नको आहे. म्हणून हे मुद्दाम केलंस."

आणि वरून विमान गेलं.

पार्ल्यातली भांडणं विमानांच्या सोयीने चालत. सांताक्रूझला उतरणारं विमान कौलांना हात लावल्यासारखं जाई. तेवढा वेळ दोन्ही पक्षांना नुसतं एकमेकांकडे बघत थांबावं लागे, आणि त्यात पुष्कळ भांडणं विझून जात. पण या खेपेला विमान एक वाक्य उशिरा आलं होतं. त्या गोंगाटात दत्ताराम बायकोचा चेहरा बघत उभे राहिले.

"मी लग्न होऊन निघाले ना," जानकीबाई अगदी हळू म्हणाल्या, "तेव्हा आयेला म्हटलं, येतंय. मग ती असेपर्यंत दोनदा गेले. शब्दाने माणूस परत येत नाही, हे मला कळतं हो. पण निघणाऱ्याच्या हातात दुसरं काय देता येतं?" मग त्यांनी पानं झाकून ठेवली. "अनू जाऊ नये असं मला वाटतं. रोज वाटतं. म्हणून मी तिची वाट अडवीन होय?"

दत्तारामांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटल्याचं सांगण्याइतकं मराठी त्यांना येत नव्हतं, आणि इंग्रजीत सांगून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी काशीराम आले. बातमी त्यांना कळली होती. इमारतीत भिंती होत्या, पण त्या नावाला. त्यांनी प्रतिज्ञापत्र कसं करतात ते सांगितलं. शिवाय त्यांच्या साडूचा एक मित्र त्या कचेरीत होता. तो सगळं निस्तरेल, असं ते म्हणाले. दोन दिवसांनी कळलं की मित्राची बदली होऊन बरेच महिने झाले होते, आणि साडूशी त्याचं वाकडं होतं.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर दत्तारामांनी जीव ओतून लिहिला. आपल्या समाजात निघणारी व्यक्ती 'जाते' असं न म्हणता 'येते' असं म्हणते. सबब माझ्या पत्नीने 'कमिंग' हा शब्द 'गोइंग' या अर्थी, सद्भावनेने आणि परंपरेस अनुसरून वापरला, असं ते होतं. त्यात तीन अर्धविराम होते आणि तिन्ही आपापल्या जागी होते. कोर्टाबाहेरच्या झाडाखाली एक टायपिस्ट बसे, त्याच्याकडे त्यांनी तो कागद दिला. नोटरीसाहेब पेनाला टोपण लावून जेवायला उठत होते, म्हणून दत्तारामांनी घाईने सही केली. जन्मभर दुसऱ्यांचे कागद दोनदोनदा वाचणाऱ्या माणसाने स्वतःचा कागद त्या दिवशी वाचला नाही.

टायपिस्टही इंग्रजीचा अभिमानी निघाला. 'गोइंग'च्या ठिकाणी 'कमिंग' ही उघड उघड चूक बघून त्याने ती दुरुस्त केली होती. सगळीकडे. एक पैसाही जास्त न घेता.

साहेबांनी स्टॅम्पपेपर हातात घेऊन सावकाश वाचला. "तुमच्या समाजात," ते म्हणाले, "जाणारी व्यक्ती 'मी जाते' असं म्हणते."

"नो सर, ती..."

"आमच्या समाजात पण असंच म्हणतात, मिस्टर चेंदवणकर. सगळ्या जगात म्हणतात. यासाठी प्रतिज्ञापत्र कशाला केलंत?"

दत्तारामांनी तो कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. त्यांना आपली ती बारीक पेन्सिलीची रेघ आठवली. कारखान्यातल्या साहेबाच्या 'अबाउट'ला कसं वाटत असेल, हे त्यांना आज कळत होतं.

"त्या बाईंना घेऊन या," साहेब म्हणाले. "मी त्यांना स्वतः विचारतो. एकच प्रश्न."

त्यासाठी शुक्रवार ठरला. आदल्या संध्याकाळी दत्ताराम जानकीबाईंजवळ जाऊन बसले. उंबऱ्यात उभे राहिले नाहीत. ते म्हणाले, "एकदाच म्हण. शी इज गोइंग टू लंडन. मनातून म्हणू नकोस हवं तर. नुसतं तोंडाने म्हण." जानकीबाईंनी मान हलवली. होकारार्थी हलवली की कशी, हे त्यांना विचारवेना.

शुक्रवारी तिघं कचेरीत गेली. जानकीबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि सोप्या, सुट्या सुट्या इंग्रजीत विचारलं, "अम्मा, युअर डॉटर. लंडन. गोइंग ऑर कमिंग?"

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने शिक्का मारता मारता हात थांबवला. अनुपमा आईकडे बघत नव्हती. खाली बघत होती. तिच्या लंडनची सगळी भिस्त आता आईच्या एका शब्दावर होती, आणि तो शब्द आईला किती जड जातो हे तिला ठाऊक होतं. दत्तारामांचे ओठ आवाज न करता 'गोइंग' म्हणत होते.

"शी विल गो," जानकीबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. दत्तारामांनी श्वास सोडला. पण वाक्य संपलं नव्हतं. जानकीबाईंनी पदर नीट केला, साहेबांच्या डोळ्याला डोळा दिला आणि पुढचं म्हटलं. "अॅन्ड कम. गो अॅन्ड कम. ओन्ली गो, नो."

दत्तारामांनी डोळे मिटले. त्यांच्या पुस्तकांत अशी रचना कुठेच नव्हती.

पण साहेब खुर्चीत मागे टेकले होते. "पोयिट्टु वरेन," ते म्हणाले.

"काय म्हणाले?" जानकीबाईंनी हळूच विचारलं.

"आमच्या तमिळमध्ये," साहेब आता मोडक्यातोडक्या मराठीत बोलू लागले, "घरातून निघताना. पोयिट्टु वरेन. म्हणजे जाऊन येतो. नुसता जातो बोलला, तर माझा आई मारेल." ते दत्तारामांकडे वळले. "मिस्टर चेंदवणकर, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

दत्तारामांनी ते प्रतिज्ञापत्रात सांगितलं होतं, तीन अर्धविरामांसह. साहेबांनी अहवालाच्या कडेला काहीतरी लिहिलं आणि शिक्का मागवला. निघताना जानकीबाई हात जोडून म्हणाल्या, "येते हं." साहेब म्हणाले, "या, अम्मा."

पासपोर्ट आला, व्हिसा झाला, विमानाचं तिकीट आलं. इमारतीने यशाचं श्रेय काशीरामांच्या सल्ल्याला दिलं, आणि काशीरामांनी ते घेतलं. दत्ताराम मात्र त्या कौतुकात सामील झाले नाहीत. घरात शांतता होती, भांडण मिटलं होतं; पण ते मिटवायला आपण काहीच केलं नाही, जानकीनेच सगळं केलं, ही गोष्ट त्यांना सलत होती. जे म्हणायला नको होतं ते आपण म्हटलं, आणि ते मागे कसं घ्यायचं, हे त्यांना अजून सापडलं नव्हतं.

ते त्यांना कारखान्यात, डबा खाता खाता सापडलं. ते घाईघाईने घरी आले, चपला न काढताच आत गेले.

"जानकी, ऐक. 'गो'ला भूतकाळात दोन रूपं आहेत. लंडनला गेली आणि अजून तिकडेच आहे, तर शी हॅज गॉन टू लंडन. पण गेली आणि परत आली, तर गॉन म्हणत नाहीत. वेगळा शब्द आहे. बीन. शी हॅज बीन टू लंडन."

"म्हणजे?"

"म्हणजे जाऊन आली. त्यांच्यात पण आहे गं. इतकी वर्षं मी वापरतोय, पण कधी लक्षात नाही आलं. जाऊन येण्याला त्यांनी वेगळा शब्द ठेवलाय."

जानकीबाईंनी तो शब्द दोनतीनदा पुटपुटून बघितला. "बीन." तो त्यांना बरा वाटला. मग त्यांनी नवऱ्याच्या पायांतल्या चपलांकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याला माफ केलं. मोठ्याने त्या एवढंच म्हणाल्या, "चपला काढा. लादी पुसलीय."

हा शोध दत्तारामांनी इमारतीतही सांगितला. काशीरामांनी तो लगेच वापरायला घेतला. "माझा साडू हॅज बीन टू नागपूर," ते जिन्यात म्हणाले.

"परत आला का?" दत्तारामांनी विचारलं.

"नाही, सोमवारी येईल."

"मग गॉन. परत आल्यावर बीन."

काशीरामांनी हे मनावर घेतलं. चारचौघांत चुकलं, ते त्यांना लागलं होतं.

जायचा दिवस रविवार होता. विमानतळ इतका जवळ, की टॅक्सीवाला कुरकुरला. टॅक्सीत बसण्याआधी अनुपमाच्या तळहातावर जानकीबाईंनी वाटीतलं दही घातलं. ते तिने खाल्लं आणि बोटं चाटली, लहानपणी चाटायची तशीच; रिकामी वाटी जानकीबाईंच्या हातातच राहिली. विमानतळावर दत्तारामांनी बॅगेचं कुलूप चारदा ओढून बघितलं, आणि मेट्रनशी बोलताना आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, ते सहाव्यांदा सांगितलं.

फाटकाशी अनुपमा वाकली आणि दोघांच्या पाया पडली. "आई, येते," ती म्हणाली. "बाबा, येते."

"ये," जानकीबाई म्हणाल्या.

दत्तारामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती आत गेली. वळणावर तिची पांढरी साडी एकदा दिसली आणि मग दुसऱ्याच लोकांच्या पाठी दिसू लागल्या.

दोघं चालतच घरी परतली. रस्ताभर बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास होता. तो नेहमीच असे, पण त्या दिवशी तो नकोसा वाटत होता. जिन्यात काशीराम उभे होते. मुद्दामच थांबले असावेत. त्यांनी खाकरून घशाची तयारी केली. माणूस वाईट नव्हता. त्याला सांत्वन करायचं होतं, आणि ते इंग्रजीत केलं तर चेंदवणकरांना जास्त बरं वाटेल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

"सो," काशीराम म्हणाले, "अनुपमा हॅज गॉन टू लंडन."

वाक्य बिनचूक होतं. काळ बरोबर, रूप बरोबर. गेलेली आहे आणि परत आलेली नाही. काशीरामांच्या तोंडून इतकं निर्दोष इंग्रजी पूर्वी कधी बाहेर पडलं नव्हतं, आणि ते शाबासकीसाठी दत्तारामांकडे बघत होते. दत्तारामांनी 'येस' म्हणायला तोंड उघडलं. पण त्या 'गॉन'ला 'येस' म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं.

"नो," जानकीबाई म्हणाल्या. "शी हॅज बीन."

काशीराम बुचकळ्यात पडले. जिन्यात नुकतंच शिकलेलं सगळं त्यांनी आठवून बघितलं. वहिनींचं चुकतंय, हे त्यांना अगदी लख्ख दिसत होतं. विमानाने अजून जमीनही सोडली नसेल. पण घरात एवढा मोठा जाणकार असताना आपण कशाला बोला, म्हणून त्यांनी दत्तारामांना विचारलं.

"चेंदवणकर, हे बरोबर आहे?"

तेवढ्यात वरून एक विमान गेलं. तिघंही मान वर करून थांबली. अनूचंच असेल असं नाही. पार्ल्यावरून दिवसभर विमानं जातच असतात. आवाज लांब जाऊन पूर्ण विरेपर्यंत दत्ताराम वर बघत राहिले. मग त्यांनी जानकीबाईंच्या हातातली दह्याची रिकामी वाटी आपल्याकडे घेतली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे."